खाली कुणीतरी हवं: ससाण्याच्या पिल्लांच्या पहाऱ्यावर पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

मे महिना सरत आला की कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या आवारात, कॅम्पनिली मनोऱ्याच्या पायथ्याशी, काही माणसं तासन्‌तास माना वर करून उभी दिसतात. गळ्यात दुर्बीण, हातात वही. वर, ३०७ फूट उंच मनोऱ्याच्या सज्जावर, बहिरी ससाण्याची पिल्लं पंख झाडत असतात. आज-उद्या त्यातलं एखादं पहिल्यांदा उडणार, हे खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. या पहाऱ्याला इथे ‘फ्लेज वॉच’ म्हणतात. मी तो काही वर्षं करते आहे. यंदा बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरातल्या, चार-पाच मराठी घरांतून विचारणा झाली, की आम्हालाही यायचंय, काय तयारी करू? प्रत्येकाला फोनवर सांगताना काहीतरी राहून जात होतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या उडीत पिल्लू झोकात उडेल, अशी अपेक्षा घेऊन येऊ नका. उडणं त्याला पुष्कळदा जमतं. उतरणं जमत नाही. कठड्यावर पाय टेकायला जातं आणि घसरतं, काचेला झाड समजतं, उंची गमावत गमावत शेवटी जमिनीवर येतं. जमिनीवरून पुन्हा वर उठण्याइतका जोर त्याच्या छातीत पहिले काही दिवस नसतो. कड्यावरच्या घरट्यातलं पिल्लू चुकलं तर खाली दुसरी कपार असते, उतार असतो, वर उचलणारा वारा असतो. शहरात मनोऱ्याखाली सपाट फरसबंदी, काचा, सायकली, कुत्री आणि पुढे रस्ता. अडचण एवढीच आहे, आणि पहारा तेवढ्यासाठीच असतो.

आधी थोडं मागचं

हे वाचायला दोन मिनिटं लागतील, पण खाली उभं राहिल्यावर लोक हेच विचारतात.

डीडीटी या कीटकनाशकामुळे बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचं पातळ झाली. मादी अंड्यांवर बसली की ती फुटायची. १९७० च्या सुमारास अख्ख्या कॅलिफोर्नियात घरटी करणाऱ्या जेमतेम दोन जोड्या माहीत होत्या. अमेरिकेत डीडीटीवर १९७२ मध्ये बंदी आली. पाळीव जोड्यांची पिल्लं वाढवून रानात सोडण्याचं काम अनेक वर्षं चाललं, त्यात सांताक्रूझच्या शिकारी पक्ष्यांच्या संशोधन गटाचा मोठा वाटा. १९९९ मध्ये हा पक्षी देशाच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला. दरम्यान त्यातल्या काहींना उमगलं की पूल, टोलेजंग इमारती आणि मनोरे हेही कडेच आहेत, आणि खाली कबुतरांची कमतरता नाही.

कॅम्पनिलीवर अ‍ॅनी आणि ग्रिनेल ही जोडी २०१७ मध्ये पहिल्यांदा पिल्लं वाढवू लागली. ससाणे काड्या रचून घरटं बांधत नाहीत, खडीत पोटाने खळगा करतात आणि त्यात अंडी घालतात. वर खडी नव्हती, तेव्हा अंडी वाळूच्या पोत्यावर पडली. मग रीतसर परवानगी घेऊन खडी भरलेला ट्रे ठेवण्यात आला. त्या वर्षी दोन पिल्लं झाली. विद्यापीठाच्या ब्रीदवाक्यावरून त्यांची नावं ठेवली, फियाट आणि लक्स. लक्स उडायला लागल्यावर थोड्याच दिवसांत आवारातल्या एका इमारतीच्या काचेवर आदळून मेलं. पहारा कशासाठी, असं कुणी विचारलं की मी लक्सबद्दल सांगते. पहाऱ्यावरच्या माणसांना प्रत्येक काच थोपवता येत नाही, हेही त्याच दमात सांगते.

पायरी पहिली: पक्षी ओळखायला शिका

येण्याच्या आधी आठवडाभर रोज दहा मिनिटं घरट्याचा वेबकॅम बघा. २०१९ पासून तो चालू आहे. पडद्यावर पिल्लं एवढी जवळ दिसतात की नजर लवकर तयार होते.

मोठा ससाणा पाठीवर निळसर राखाडी, छाती-पोटावर आडव्या रेघा, पाय आणि डोळ्याभोवतीची कडा पिवळी, गालावर मिशीसारखा काळा पट्टा. पिल्लू तपकिरी, छातीवर उभ्या रेघा, चोचीच्या मुळाशी आणि डोळ्याभोवती निळसर कातडी. आडवी रेघ आई-बाप, उभी रेघ पिल्लू, एवढं लक्षात ठेवलं तरी पहिल्या दिवशी निभावतं. उडायच्या वयातल्या पिल्लाच्या डोक्यावर पांढऱ्या लवेचे पुंजके राहिलेले असतात, ते दुरूनही चमकतात.

मादी नरापेक्षा जवळपास तिसऱ्या हिश्शाने मोठी असते, पिल्लांमध्येही. नर पिल्लं हलकी, म्हणून ती बहुधा आधी उडतात, माद्या एक-दोन दिवस मागे. त्यामुळे ‘मोठं पिल्लू आधी जाणार’ हा अंदाज इथे उलटा पडतो. नवे लोक नेमके मोठ्या पिल्लावर दुर्बीण रोखून बसतात आणि दुसऱ्या टोकाचं छोटं निघून गेलेलं असतं.

आवाज तीन शिका. कॅक-कॅक-कॅक असा कडक, सलग आवाज म्हणजे इशारा, कुणीतरी नको तितकं जवळ आलंय. लांबट, रडका, घासणारा सूर म्हणजे पिल्लू खाणं मागतंय. आणि जोडी एकमेकांशी बोलते तो तुटक, चिवचिवल्यासारखा आवाज. पहिले दोन आले की काम चालतं. पिल्लू दिसत नसलं तर डोळ्यांआधी कान कामी येतात.

पायरी दुसरी: जागा पायाखालून घाला

पहिल्या पाळीच्या आदल्या दिवशी तासभर आवारात फिरा, पक्षी बघायला नव्हे, इमारती बघायला. मनोऱ्याच्या चार बाजू पाठ हव्यात: पूर्वेला टेकड्या, पश्चिमेला खाडी आणि हवा स्वच्छ असेल तर गोल्डन गेट पूल. आजूबाजूच्या प्रत्येक इमारतीचं नाव, तिचं छप्पर कसं आहे, कुठल्या बाजूला सलग काच आहे, कुठे झाडं भिंतीला लागून आहेत, हे वहीत नकाशा काढून लिहा. साऊथ हॉलचं उतरतं छप्पर आणि धुराडी, डो ग्रंथालयाचे कठडे, मनोऱ्याभोवती छाटून ठेवलेली प्लेन झाडं.

याचा उपयोग असा. पिल्लू निघतं तेव्हा सगळे एकदम ओरडतात, “गेलं, गेलं!” पण कुठे गेलं हे सांगायला कुणाकडे शब्द नसतात. ‘त्या मोठ्या बिल्डिंगच्या मागे’ या वाक्याचा कुणालाच उपयोग नाही. ‘साऊथ हॉल, पश्चिमेकडचं धुराडं, तिथून खाली’ असं म्हणता आलं पाहिजे. हा सराव तुम्ही घरीही करू शकता, समोरच्या इमारतीवरचं कबुतर दुसऱ्याला न बोटं दाखवता शोधायला लावा.

सर्वांत जवळचा रहदारीचा रस्ता कुठे आहे आणि तिथवर चालत किती मिनिटं लागतात, तेही मोजून ठेवा.

सोबत काय असावं

आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगांची दुर्बीण पुरे. दहा पटीची घेतली तर हात थरथरतो आणि चौकट लहान होते, उडणारं पिल्लू हरवतं. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची एकनळी दुर्बीण, कुणीतरी आणलेला असतोच.

मान फार दुखते. अर्ध्या तासाने जमिनीवर चटई टाकून सरळ उताणं झोपा आणि तसेच बघत राहा. सगळे अनुभवी पहारेकरी हेच करतात, संकोच बाळगू नका. जूनमध्ये सकाळी खाडीवरून धुकं येतं आणि हुडहुडी भरते, दुपारी कडक ऊन आणि पश्चिमेचा जोराचा वारा. स्वेटर, टोपी, पाणी तिन्ही लागतात. डब्यातलं खरकटं, चुरा काही खाली टाकू नका. सांडलेल्या खाण्यावर कावळे जमतात, आणि नवशिक्या पिल्लाला कावळ्यांइतका त्रास दुसरं कुणी देत नाही.

भ्रमणध्वनी पूर्ण चार्ज केलेला. कॅमेरा आणलात तरी हरकत नाही, पण डोळा लावून बसलात तर पहारा होत नाही. दोन्ही एकदम जमत नाही, हे मी स्वतः एका पाळीत शिकले: फोटो चांगला आला आणि दुसरं पिल्लू कुठे उतरलं ते मला सांगता आलं नाही. पुढची पाळी घेणाऱ्या काकांना ते शोधायला संध्याकाळचे दीड तास लागले.

पायरी तिसरी: उडायच्या आधीचे दिवस

अंडी बहुधा फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये, पिल्लं एप्रिलच्या उत्तरार्धात, आणि सहा आठवड्यांच्या आसपास, म्हणजे साधारण ३८ ते ४५ दिवसांत, पहिलं उड्डाण. दिवस मोजा, पण दिवसांवर विसंबू नका. पिल्लू काय करतंय ते बघा.

आधी ते ट्रेमध्येच उभं राहून पंख मारतं. मग सज्जाच्या कठड्यावर चढतं. पहिल्यांदा चढल्यावर खाली डोकावून ते किती तरी वेळ गप्प बसतं. मला तो क्षण पहिल्या उड्डाणाइतकाच आवडतो. त्यानंतर कठड्यावरून धावत पंख मारणं, पाय दोन-चार इंच सुटणं, पुन्हा टेकणं. पाय सुटायला लागले की पहारा सुरू झाला असं समजा. अशा वेळी वाऱ्याचा जोरदार झोत आला तर पिल्लाच्या मनात नसताना ते उचललं जातं. म्हणून दुपारची वाऱ्याची पाळी रिकामी ठेवायची नाही.

याच दिवसांत आई-बाप पिल्लांना भरवणं कमी करतात. शिकार पायात धरून सज्जासमोरून मुद्दाम उडतात, पिल्लांना दाखवतात आणि पलीकडच्या छपरावर जाऊन बसतात. वर एकच रडारड चालते. येणारे-जाणारे कळवळून म्हणतात, “अहो, त्यांना उपाशी ठेवतायत.” उपाशी कुणी राहत नाही. भूक हीच त्यांची हाक असते.

पायरी चौथी: पहिली झेप

त्या क्षणी तुमचं काम एकच, नजर न हलवणं. आनंदाने शेजारच्याकडे बघायचं नाही, दुर्बीण खाली करायची नाही, फोन काढायचा नाही. पिल्लू उतरेपर्यंत त्याच्यावर डोळा. दोघं असाल तर आधीच वाटून घ्या: एक उडालेल्याच्या मागे, दुसरा वर उरलेल्यांवर. भावंड उडालं की बाकीचीही चेकाळतात, आणि दुसरं दहा मिनिटांत निघू शकतं.

उतरल्यावर पहारेकऱ्यांच्या गटाला संदेश लिहा. आमची पद्धत अशी: वेळ, कोण, कुठून, कुठे, कसं. “७.४२, नर, पश्चिम सज्जा, डो ग्रंथालयाचं छप्पर, नीट बसलंय.” यापुढे एक अक्षर नको. उद्गारचिन्हं संध्याकाळी टाकता येतात.

पिल्लांच्या पायांत कडी असतात. साधारण तीन आठवड्यांची असताना परवानाधारक माणसं वर जाऊन ती घालतात. कडीवरची अक्षरं-आकडे स्कोपमधून वाचता आले तर सोनंच. नाही तर आकार, डोक्यावरची लव, एखादं वाकडं पीस, यावरून ओळख ठेवावी लागते. कडीचं महत्त्व पुढे कळतं. २०१८ मध्ये इथे वाढलेली लॉरेन्शियम पुढे अल्काट्राझ बेटावर घर करून राहिली, ती तीच आहे हे पायातल्या कडीमुळेच कळलं.

पिल्लू दिसेनासं झालं तर? पळत सुटू नका. आधी मोठ्या पक्ष्यांकडे बघा. आई एकाच दिशेला तोंड करून बसली असेल, किंवा एका इमारतीवर घिरट्या घालून कॅक-कॅक करत असेल, तर पिल्लू तिथेच आहे. मग कावळ्यांकडे बघा, ते एखाद्या झाडावर गोळा होऊन कोकलत असतील तर तिकडे जा. तिसरा उपाय चालणं: प्रत्येक इमारतीला पायी वेढा, काचेच्या बाजूच्या खालची झुडपं, जिने, तळघराच्या खिडक्यांचे खड्डे, सायकलींचे स्टँड. घाबरलेलं पिल्लू कोपऱ्यात अंग चोरून बसतं आणि अजिबात आवाज करत नाही.

पायरी पाचवी: पिल्लू जमिनीवर आलं तर

हा भाग दोनदा वाचा.

गटप्रमुखाला फोन करा. संदेश नाही, फोन. त्याच्याकडे परवानगी असलेल्या माणसांचे क्रमांक असतात. बहिरी ससाण्याला परवान्याशिवाय हात लावणं या देशात कायद्याने गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. त्याच्या नख्या तुमच्या तळहातात खोल रुततील एवढ्या ताकदीच्या असतात, हेही आहेच.

फोन लागेपर्यंत किंवा माणूस येईपर्यंत तुम्ही त्याचं कुंपण आहात. दहा-पंधरा मीटर लांब उभे राहा, पण रस्त्याच्या बाजूला. तुम्ही इमारतीच्या बाजूने गेलात तर ते तुमच्यापासून पळत थेट रस्त्यावर जाईल. तुम्ही रस्त्याकडून उभे राहिलात तर भिंतीकडे सरकेल. या एका गोष्टीवर पिल्लू वाचतं किंवा जातं, म्हणून जागा बघतानाच प्रत्येक कोपऱ्यात मनाशी ठरवून ठेवा, की इथे उतरलं तर मी कुठे उभी राहीन. त्याच्याकडे एकटक बघत समोरून चालत जाऊ नका, कडेने, हळू, थांबत जा. दुसरा माणूस असेल तर त्याने कुत्री घेऊन येणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना लांबूनच वळवावं. स्वतः मात्र धावत्या गाड्यांपुढे जायचं नाही. पिल्लू रस्त्यात गेलंच तर पदपथावरून हात वर करून गाड्या सावकाश करायला लावा.

बघताना एवढं टिपून ठेवा: दोन्ही पंख सारखे मिटलेत का, एखादा लोंबतोय का, दोन्ही डोळे उघडे आहेत का, रक्त दिसतंय का, कुणी हललं की मान वळवतंय का. येणाऱ्या माणसाला याच गोष्टी हव्या असतात.

तो माणूस आला की टॉवेल किंवा पातळ चादर पिल्लावर टाकतो, डोक्यावर अंधार झाला की ते शांत होतं, मग पंख अंगाशी दाबून हवेची भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवतो. तुम्हाला बहुधा खोकं धरायला सांगतील. धरा, झाकण उघडून बघू नका, मुलांना दाखवू नका, पाणी पाजू नका, खाणं देऊ नका. चोचीत ओतलेलं पाणी श्वासनळीत जातं. जखम असेल तर वन्यजीव रुग्णालय, नसेल तर तपासून पुन्हा एखाद्या उंच छपरावर.

इथे आपल्याकडचा एक समज मोडायला हवा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, असं आपण सगळे आजीकडून ऐकत आलो. ससाण्यांच्या बाबतीत ते खरं नाही. छपरावर परत ठेवलेल्या पिल्लाला आई-बाप भरवतात. हा समज मनात असला की माणूस एकतर पिल्लाला जमिनीवर सोडून देतो, नाहीतर ‘आता याला कुणी नाही’ म्हणून घरी नेतो. दोन्ही घातक.

आणि प्रत्येक खाली दिसणारं पिल्लू उचलायचं नसतं. कमरेएवढ्या कठड्यावर बसलंय, आजूबाजूला वर्दळ नाही, आई वर घिरट्या घालते आहे, तर नुसतं बघत राहायचं. कधी कधी ते तासाभराने झुडपावर, झुडपावरून झाडावर, झाडावरून छपरावर असं पायरी-पायरीने वर चढतं. ते बघताना तुमचे पाय जागेवर राहणं, हेच काम.

मेलेला पक्षी सापडला तर, मग तो कबुतर का असेना, हात लावू नका. गेल्या काही वर्षांत पक्ष्यांच्या फ्लूने शिकारी पक्षी मोठ्या प्रमाणात गेले आहेत. जागा लिहून घ्या आणि कळवा.

पायरी सहावी: लोकांशी बोला

तीन तासांच्या पाळीत एक तास लोकांशी बोलण्यात जातो आणि तो वाया जात नाही. पिल्लू जमिनीवर आलं तर सर्वांत आधी बघणारा बहुधा तुमच्यातला कुणी नसतो, माळी असतो, सुरक्षारक्षक असतो, सकाळी धावायला आलेली मुलगी असते. त्यांना काल तुम्ही दोन वाक्यं सांगितलेली असतील तर ते आज तुम्हाला शोधत येतात. माळीकाम करणाऱ्यांना आणि सफाई करणाऱ्यांना पहिल्याच दिवशी भेटा, नाव विचारा, पिल्लाचा फोटो दाखवा.

काही जण चिडूनही येतात. वरून कबुतराचं मुंडकं किंवा पंख पायाशी पडतो, ते बघून कुणालाही कसंतरी होतं. वाद घालू नका. ससाणा हेच खातो, एवढं साधेपणाने सांगा.

मुलं आली की स्कोप खाली घ्या, त्यांच्या उंचीला. सूर्य कुठे आहे ते आधी बघा, भिंग त्या दिशेला कधीच वळवू द्यायचं नाही. एका लहान मुलीने स्कोपमधून बघून मला विचारलं होतं, “तिला मिशी का आहे?” डोळ्याखालचा तो काळा पट्टा उन्हाची चमक कमी करतो असं मानतात, असं मी सांगितलं. ती दर उन्हाळ्यात येते.

कुणी ड्रोन काढलाच तर आवाज न चढवता थांबवा आणि गटप्रमुखाला सांगा. मोठा ससाणा त्याच्यावर झडप घालू शकतो, आणि त्यात पक्ष्याचा पंख जातो.

पायरी सातवी: संध्याकाळची नोंद

नव्या लोकांना ही पायरी कंटाळवाणी वाटते. मला विचाराल तर सगळ्या पहाऱ्याचा गाभा इथे आहे. अंधार पडायच्या आधी प्रत्येक पिल्लाची जागा लिहायची: कोण, कुठे, किती उंचीवर, शेवटचं कधी खाल्लं. एखादं सापडलं नाही तर ‘बहुतेक छपरावर असेल’ असं लिहू नका, ‘सापडलं नाही, शेवटचं ६.१० ला अमुक ठिकाणी’ असं लिहा. पहाटेची पाळी या चार ओळींवर उभी असते. साडेपाचला येणारा माणूस तिथून शोधायला लागतो, आणि रस्त्यावर वर्दळ सुरू व्हायच्या आत त्याच्या हातात तासभरच असतो.

पुढचे दिवस

पहिल्या उड्डाणानंतर आठवडाभरात पिल्लं बदललेली दिसतात. उतरणं सुधारतं. भावंडं हवेत एकमेकांचा पाठलाग करतात, उताणी होऊन पाय भिडवतात. मग एक दिवस बाप शिकार हवेत सोडतो आणि पिल्लू ती पायात झेलतं. हे जमलं की जमिनीवर अडकायची भीती जवळपास संपते आणि आमचा पहारा उठतो. पिल्लं मात्र पुढे महिना-दीड महिना आई-बापांच्या आधाराने इथेच असतात. चतुर आणि इतर किडे हवेत पकडत शिकार शिकतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पहिल्या वर्षात निम्म्याहून अधिक ससाणे जगत नाहीत, कड्यावरचे असोत की शहरातले. तुम्ही दहा दिवस जपलेलं पिल्लू ऑगस्टमध्ये गेल्याचं कळू शकतं. मोठ्यांनाही हे चुकत नाही. ग्रिनेल ऑक्टोबर २०२१ मध्ये दुसऱ्या ससाण्यांशी झालेल्या झुंजीत जखमी झाला, वॉलनट क्रीकच्या लिंडसे वन्यजीव रुग्णालयात बरा होऊन नोव्हेंबरमध्ये परत सुटला, आणि ३१ मार्च २०२२ ला बर्कलीच्या बाजारपेठेत मेलेला सापडला. वर अ‍ॅनी अंड्यांवर होती. काही तासांत तिथे एक नवा नर आला आणि त्याच अंड्यांवर बसू लागला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं आल्डन. त्या वर्षी उडालेली दोन्ही पिल्लं, ग्रिनेल ज्युनियर आणि लिंडसे, त्याने वाढवली. त्या जूनमध्ये खाली उभे असलेले लोक एरवीपेक्षा शांत होते.

मुंबई-पुण्यात वाचत असाल तर

बहिरी ससाणा हिवाळ्यात महाराष्ट्रातही येतो, आणि त्याचा भाऊबंद शाहीन ससाणा सह्याद्रीच्या कड्यांवर बारमाही राहतो. पण सोसायटीच्या आवारात तुम्हाला सापडेल ते बहुधा घारीचं किंवा घुबडाचं पिल्लू. नियम हेच: आधी लांबून बघा, कुत्री-मांजरं हटवा, आई आसपास आहे का ते पाहा, पाणी पाजू नका, घरी नेऊ नका. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

इथे यायचं असेल तर एप्रिल अर्धा सरायच्या आत पाळी मागून ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यातल्या सकाळच्या पाळ्या लगेच भरतात. दुपारी दोन ते पाच, वाऱ्याच्या वेळेची, दरवर्षी रिकामी राहते. जमलं तर ती घ्या.